दिवेलागणीला मिटणारं दुकान

शिजलेल्या हळदीच्या वाफेला ओल्या मातीचा वास असतो. त्यात कापराची बारीक धार, आणि शेवटी घशाशी रेंगाळणारा कडवटपणा. हा वास मोबाईलमधून पाठवता येत नाही, म्हणून मी त्याला शब्द दिले. वारंगा फाट्याजवळच्या आमच्या मळ्यात कढईतून उसळणारी वाफ, अंगणभर वाळत घातलेली हळकुंडं, पॉलिशच्या ड्रममधला त्यांचा खळखळाट, आणि प्रत्येक व्हिडिओखाली माझ्या दोन-तीन ओळी. बघता बघता हजारो माणसं जमली. त्यांनी लाल बदाम पाठवले, ओळींचं कौतुक केलं. हळद मात्र कोणी घेईना.

माझ्या ऑनलाइन दुकानासाठी सासूबाईंनी दोन पोती बाजूला ठेवली होती. बाकीचा माल हिंगोलीच्या मोंढ्यात जात होता. शेवटच्या खेपेपर्यंत ही पोती हलली नाहीत तर तीही ट्रॉलीत चढतील आणि दुकान तिथेच संपेल, असं आमचं ठरलं होतं. मोंढ्यातला भाव वाईट नव्हता. पण तिथे ओतलेली हळद कोणाच्या शिवारातली, हे दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. ती आठवावी, एवढाच माझा हट्ट होता.

मी ओळी बदलून पाहिल्या, उजेड बदलून पाहिला. मग एके दिवशी नांदेडच्या मैत्रिणीचा फोन आला. जेवणं आटोपून रात्री ती माझे व्हिडिओ पाहायची आणि हळद मागवायला जायची, तर दुकान बंद. ऑनलाइन दुकानाला कुलूप घालणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली होती, म्हणाली.

कुलूप मीच घालत होते. दिवे लागले की हळद घराबाहेर द्यायची नाही, तिच्यामागून लक्ष्मी जाते, असा आमच्याकडचा रिवाज. शेजारीण चिमूटभर मागायला आली तरी तिला सकाळी ये म्हणतात. त्यामुळे सासूबाई वात लावायला बसल्या की मी मोबाईलवरचं ‘दुकान बंद’चं बटण दाबत असे आणि उजाडल्यावर पुन्हा उघडत असे. माणसं रात्री खरेदी करतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी तोडगा काढला: पुड्या दिवसा भरून शेजारच्या चुलत जाऊबाईंच्या ओसरीवर ठेवायच्या, म्हणजे संध्याकाळी हळद आमच्या घरातून जाणारच नाही. जाऊबाईंनी तूर निवडता निवडता माझं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे तुमची लक्ष्मी घरात बसंल, आन् माझी गेली तरी चालते व्हय?”

शेजारी बसलेल्या सासूबाई हसता हसता ठसकल्या. तोडगा बुडाला. पण रात्री भाकरी थापताना त्यांनीच विषय काढला.

“तो पार्सलवाला कवा येते?”

“सकाळी, मामी. ऊन चढल्यावर,” मी सासूबाईंना म्हणाले.

“मंग रातच्याला घरातून जाते काय?”

“हळद नाही. नुसता शब्द, देते म्हणून.”

“शब्द तर तू दिवसभर वाटून राहिली,” त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. रिवाज त्यांचा होता. त्याला मुरड घालायची तर त्यांनीच घालावी, असं वाटून मी पुढे रेटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या खेपेची ट्रॉली अंगणात येऊन उभी राहिली. ती सकाळी निघणार होती. माझी दोन पोती तिच्या चाकाशी टेकून होती, तोंडं शिवलेली. उन्हाने तापलेल्या गोणपाटाचा वास हळूहळू निवत गेला. गोठ्यातली घुंगरं थांबली. सासूबाईंनी तेल घातलं, वात सारखी केली, काडी ओढली. ज्योत वर आली तशी मी सवयीने मोबाईल हाती घेतला आणि बटणावर बोट नेलं.

ज्योतीवरची नजर न हलवता सासूबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊंदे.”