चबसाठी चावलेलं

चब हा मासा मला डोळ्यांसमोर नको असतो. ट्राउट मासळी कशी नखरेल, माशी आवडली तरच तोंड लावते. आणि हा मेला! गोगलगाय खातो, बेडूक खातो, काठावरच्या झाडाची चेरीची फळं पाण्यात गळली की बियांसकट खातो, उंदराची पिल्लं पडली तर तीही गट्ट. काहीच नाही मिळालं तर स्वतःचीच पोरं. शिवाय ह्याच्या तोंडात दात नाहीत, ते घशात. आधी तोंडभर घ्यायचं, मग घशात दळायचं. शी!

हे सगळं मला शिकवलं माझ्या सासऱ्यांनी, तेही माझ्याच स्वयंपाकघरात. त्यांचं नाव एनॉक ट्रँटर. डव्ह नदीच्या काठच्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर घोड्यांची खोगिरं शिवली. मेण लावलेला दोरा दातांनी ओढून ओढून पन्नाशीच्या आत तोंडाचं बोळकं करून घेतलं. सुट्टीच्या दिवशी चब पकडून आणायचे, त्याचं पोट फाडायचे, आतला सगळा ऐवज पाव कापायच्या फळीवर मांडायचे आणि मला हाक मारायचे, "लेटी, ये, बघ तरी साहेब आज काय काय जेवलेत!"

"बाबा, ती पावाची फळी आहे!"

"मग पाव दुसरीकडे काप की. पावाला कुठे बघायचंय?"

वर ते अर्धवट पचलेलं बेडकाचं तंगडं सुरीच्या टोकावर धरून माझ्या नाकासमोर नाचवायचे. मी किंचाळले की त्यांना कोण आनंद! माझा नवरा सेथसुद्धा हसायचा. ट्रँटरांच्या घरात किळस नावाची गोष्ट जन्मालाच आली नाही, असं माझं ठाम मत झालं होतं.

पण हा उन्हाळ्यातला प्रकार काहीच नाही. थंडीत पाणी गारठलं की चब तळाशी सुस्त पडून राहतो, सहजी कशालाही तोंड लावत नाही. तेव्हा त्याला लागतो बैलाचा भेजा. पिम खाटकाकडून आणायचा, उकडायचा, आणि मग तो चावायचा. हो, चावायचा! माणसानं, स्वतःच्या तोंडात! अगदी बारीक चावून पाण्यात फुर्रकन थुंकायचा, म्हणजे दुधासारखा पसरतो. चबला चव लागते, पोट भरत नाही, आणि तो चवीच्या मागे मागे गळापर्यंत येतो. आमच्याकडचे सगळे जुने लोक असंच करतात आणि वर त्याबद्दल फुशारकी मारतात.

बाबांना दात नव्हते, तर चावणार कसे? एकदा कवळी करून आणली होती. पहिल्याच फुर्रला भेज्याबरोबर कवळीही नदीत गेली. तेव्हापासून त्यांच्यासाठी चावायच्या माझ्या सासूबाई, कीझाया. ही भली बाई थंडीच्या दर शनिवारी भांडं घेऊन नवऱ्याच्या शेजारी काठावर बसायची आणि गाय रवंथ करते तशी शांतपणे चावत राहायची. वर्षानुवर्षं!

मी एकदा विचारलं होतं, "आई, तुम्हाला घाण नाही वाटत?"

"सवय होते गं," त्या म्हणाल्या. "काही वाटत नाही."

त्या दिवशी त्यांच्या हातचा चहासुद्धा मला जाईना.

गेल्या शरद ऋतूत आई गेल्या. बाबा चुलीपाशी खुर्चीत बसले ते बसलेच. सूप दिलं की तसंच परत, लापशी तशीच परत. दुधात भिजवलेला पाव दुधात विरघळून जायचा, पण तोंडात जायचा नाही. कपडे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टरांनी मला आणि सेथला दाराबाहेर बोलावून सांगितलं, "पोटात काही गेलं नाही तर ही थंडी ते काढायचे नाहीत."

शनिवार आला तसा सेथ म्हणाला, "बाबा, चला नदीवर. विलोच्या झाडाखालच्या डोहात चब आहेत म्हणे."

कितीतरी दिवसांनी म्हातारा बोलला. "चावणार कोण?"

एवढंच, पण बोलला तर खरं! सेथ धावत जाऊन भेजा घेऊन आला, मी उकडला, त्यानं घास तोंडात टाकला आणि तसाच अंगणात पळाला. मग मी खिम्याचं यंत्र काढलं. बाबांनी भांड्यात बोट घालून पाहिलं. "गोळे आहेत. गोळे बुडतात, चबचं पोट भरतं, मग तो कशाला येतोय? यंत्राला थुंकी असते का?" आणि तोंड चुलीकडे फिरवलं.

मी त्या पाठीकडे पाहिलं. कोटाच्या आत पाठ होती की नुसता सांगाडा, कळत नव्हतं.

"उठा," मी म्हटलं. "मी चावते."

काठावर गवत गोठलेलं, आमच्या मागे एल्डरचं झुडूप, आणि माझ्या मांडीवर ते भांडं. तोंडात टाकलं की मऊ, गिळगिळीत. दाताला काही लागतच नाही, नुसतं टाळूला चिकटतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बारीक चाव. घाई करू नकोस," बाबा म्हणाले. "हं, आता सोड."

मी थुंकले. पाण्यात पांढरा ढग झाला आणि प्रवाहाबरोबर विलोच्या मुळांखाली सरकत गेला. पुन्हा घास, पुन्हा फुर्र. शेवटी गळाची काठी वाकली आणि म्हातारा आपल्या पायांवर उठून उभा राहिला. चांगला दांडगा चब निघाला. तोंड उघडं ठेवून तो मेला गवतावर आपटत होता, ओठांना माझाच भेजा लागलेला.

"घाण वाटली?" बाबांनी विचारलं.

"छे," मी म्हटलं. "सवय होते."

ते गळ काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तीही अस्संच म्हणायची. आणि मग त्या एल्डरमागे जायची. जा तू, मी पाण्याकडे बघतो."

मी गेले. सगळं बाहेर पडलं. तोंड पुसून परत आले ती तणतणतच. "तुम्हाला माहीत होतं? आई ओकायच्या ते माहीत होतं, आणि तरी त्यांना चावायला लावत होतात?"

"मी विचारायचो तिला, दर वेळी. ती म्हणायची काही वाटत नाही." त्यांनी बाहीला नाक पुसलं. "ते खरं मानणंच मला सोयीचं होतं, पोरी. नाहीतर ती घरी राहिली असती, आणि मी इथे एकटा."

चबपेक्षा मला त्यांचीच जास्त किळस आली. तसं तोंडावर म्हटलंही. त्यांनी मान डोलावली, मासा उचलला आणि घराकडे चालू लागले.

घरी येऊन पुन्हा पावाची फळी! पोट फाडलं, आत पांढरा लगदा. "हे बघ, तुझंच." मी फळीसकट त्यांना बाहेर काढणार होते. पण त्यांनी स्वतःच्या हातानं तो चब दुधात शिजवला, बोटांनी एकेक काटा काढला आणि हिरड्यांनी चघळत चघळत खायला लागले. खरंच खात होते! सेथनं टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. आणि माझ्या डोक्यात मात्र भलतंच आलं: चावलं मी, खाल्लं चबनं, आणि आता तो चब बाबांच्या पोटात चालला होता. मी ताडकन उठले.

"कुठे निघालीस?" सेथनं विचारलं.

"कोंबड्यांकडे."

"जाऊ दे रे तिला," बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "आणि तू तिकडे बघू नकोस." मग रिकामं ताट त्यांनी त्याच्यापुढे सरकवलं. "अजून वाढ."