माझ्या विरुद्धचे वकीलसाहेब

माझ्याविरुद्ध उभं राहून माझी इतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. नागापूरच्या कारखान्याने मला कामावरून काढलं आणि मी कामगार न्यायालयात गेलो, तेव्हा मालकाच्या बाजूने हे वकीलसाहेब उभे राहिले. पहिल्याच तारखेला त्यांनी माझ्या वकिलांना बाजूला घेतलं. मला वाटलं, काही डाव आहे. पण साहेबांनी माझ्या अर्जातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करून आणल्या होत्या! "लढायचं तर कागद नीट हवा," म्हणाले. कोटाच्या एका खिशात कायद्याचं पुस्तक, दुसऱ्यात फुटाणे; आणि फुटाणे वाटताना अशील कोण नि विरोधक कोण हे ते साफ विसरत. एकदा माझे वकील तापाने पडले, तर माझ्या वतीने पुढची तारीख यांनीच मागून घेतली आणि बाहेर येऊन मलाच दरडावलं, "शेवगावहून उपाशी आलात ना? आधी जेवा. मग माझ्यावर चिडा."

माझ्यावर आरोप होता सुपरवायझरचा हुकूम मोडल्याचा. उलटतपासणीला साहेब इतक्या मऊ आवाजात बोलत, की खोटं बोलणाऱ्यालाच लाज वाटावी.

"प्रेस मशीन तुम्हीच बंद केलंत?"

"व्हय."

"परवानगी न घेता?"

"व्हय साहेब."

इथे थांबले असते तर मी बुडालोच होतो. पण साहेबांची उत्सुकता अनावर. "का हो?"

"मशीनची पुढची जाळी तुटली हुती. माझ्या जोडीच्या मारुतीचा हात आत हुता. इचारायला गेलो असतो तर हात ऱ्हायला नसता."

साहेब चष्मा पुसत खाली बसले. 'का' हा प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नसतो, हे माझ्या वकिलांनी मला नंतर हसत हसत सांगितलं.

त्याच आठवड्यात साहेबांनी मालकाला सुनावलं, "तुम्हाला वाचवणं हे माझं काम. ही केस लढून तुम्ही वाचत नाही. याला परत घ्या, आणि जाळी बसवा." मालक आठ दिवस फुगून बसला, मग तडजोडीच्या कागदावर सही केली. मी कामावर परतलो आणि पेढे घेऊन त्यांच्या ऑफिसात गेलो. "विरुद्ध पक्षाचे पेढे घेणं शिस्तीत बसत नाही," ते कडक आवाजात म्हणाले. मग डब्यात डोकावून, "केशरी आहेत का?" आणि दोन खाल्ले.

परवा भिंगारला त्यांच्या घरी जाऊन आलो. वकिली केव्हाच सुटली आहे, आठवणही आता विरळ झाली आहे. चष्मा सारखा करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चेहरा ओळखीचा वाटतो. माझे अशील का तुम्ही?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग? जिंकलो होतो ना आपण?"

त्यांचा हात हातात घेऊन मी म्हणालो, "व्हय साहेब. जिंकलो हुतो."