पहिल्यांदा पडले तेव्हा
सायकलच्या ग्रीसचा वास आला की मला खोडदचं आमचं कांद्याचं वावर आठवतं. माझा डावा पाय जन्मापासून अधू, त्यामुळे शाळेतसुद्धा आई मला पाठुंगळी घेऊन जायची. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या शेजारच्या ताईनं एका जुन्या सायकलला मागं दोन चाकं जोडली आणि माझ्या पावलासाठी पेडलला पट्टा लावला. "काकी, आता सोडा तिला," ती म्हणाली. आईनं हात काढला. मी बांधापर्यंत गेले आणि सायकलसकट कांद्यात आडवी झाले. आई धावत आली. "लई लागलं का गं?" गुडघा खरचटला होता, पण मी हसत ओरडले, "आई, मी पडले! सगळ्या पोरींसारखी पडले!" आईनं उचलायला पुढे केलेले हात मागं घेतले. डोळे पुसत म्हणाली, "मग ऊठ. मी हाय हितं." हँडल धरून मी उठले. ते 'ऊठ' म्हणायला आईला किती बळ लागलं असेल, हे मला लेक झाल्यावर कळलं.