आवाज तेवढा पाठव

“सर मुके झाले आणि तेव्हापासून खरी मजा यायला लागली, नाही?”

माझ्या पुढच्या रांगेत बसलेली ऋतुजा शेजारणीला सांगत होती. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दहावीच्या वर्गाचा मेळावा होता, मुरुमच्या आमच्या इंग्रजी शाळेच्याच हॉलमध्ये. स्टेजवर बनसोडे सर बसले होते. ते यंदा निवृत्त झाले, म्हणून त्यांचा सत्कार. ऋतुजाने उजव्या हाताची पाची बोटं जुळवून तोंडाजवळ नेली आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, जेवलीस का? तिच्या रांगेतल्या सगळ्याजणींनी तीच खूण केली आणि हसल्या. सरांनी स्टेजवरून ते पाहिलं. त्यांनीही बोटं जुळवली आणि साऱ्या हॉलला विचारलं, जेवलात का? मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ होते. मी खाली माझ्या चपलांकडे पाहिलं.

बनसोडे सर आम्हाला मराठी शिकवायचे. इंग्रजी शाळेत मराठीचा तास म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतरचा, डोळे मिटणारा तास. सर जवळच्या खेड्यातून सकाळच्या एसटीने येत. शाळा भरायच्या अर्धा तास आधी पोचत आणि फाटकाशी उभे राहत. ती काही त्यांची ड्युटी नव्हती. बालवाडीतली, पहिलीतली पोरं आईचा हात सोडताना रडायची, त्यांच्यापुढे सर वाकून उभे राहायचे. “काय माय, जेवलीस का? काय खाल्लं? धपाटं? मग रडायला ताकद कुठून आणली एवढी?” पोर विचारात पडायचं आणि तेवढ्यात आत गेलेलं असायचं. आम्हा मोठ्यांनाही तोच प्रश्न. उपाशी आलेला ते बरोबर ओळखायचे. त्यांच्या डब्यात एक भाकरी जास्तीची असे, शेंगाच्या चटणीसह. “भूक लागली की डोकं मागच्या बाकावर जाऊन बसतंय,” ते म्हणायचे. “मग म्या फळ्यापुढं कुणाला शिकवू?”

त्यांचं आणखी एक वाक्य आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ होतं. शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना ते म्हणत, “चूक करायची तर मोठ्या अक्षरात करा रे. मला चष्मा हुडकावा लागू नये.” चुकांवर ते रागावत नसत. मी त्यांना रागावलेलं कधीच पाहिलं नाही. हे मी कौतुकाने लिहीत नाही. पुढे जे घडलं ते त्यामुळेच घडलं.

मी वर्गात बोलत नसे. प्रश्नाचं उत्तर येत असलं तरी उभं राहिल्यावर आवाज फुटायचा नाही. बाकीच्या शिक्षकांनी मला सोडून दिलं होतं. सहावीत असताना सरांनी धडा वाचायला उठवलं. मी पुस्तक धरून उभी राहिले आणि पहिलाच शब्द निघेना. पोरं कुजबुजायला लागली. सर पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, “जा, दाराच्या मागं जाऊन उभी राहा.” मला वाटलं, शिक्षा. मी दाराआड गेले. मग आतून त्यांचा आवाज आला, “हां, आता तू तिथंच थांब माय. आवाज तेवढा इकडं पाठव.”

दाराचा हिरवा रंग नाकाशी होता, कडीला गंज चढला होता. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी अख्खा धडा वाचला. पुढे वर्षभर माझी वाचायची पाळी आली की मी आपोआप दाराआड जायची. वर्गातलं कुणी त्याला हसलं नाही, कारण सरांनी ते फार मोठं काही केल्यासारखं केलंच नव्हतं. माझं अक्षरही त्यांनीच घडवलं. माझा ‘ज’ उलटा लोंबायचा. त्यांनी माझ्या वहीत दोन पानं भरून ‘ज’ काढून दिले आणि मला गिरवायला लावले.

आमच्या शाळेत एक नियम होता. मराठीच्या तासाखेरीज शाळेच्या आवारात इंग्रजीतच बोलायचं. त्यासाठी काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. सातवीतला एकेक विद्यार्थी आठवडाभर ती सांभाळायचा आणि मराठी बोलणाऱ्याचं नाव लिहायचा. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात तो काय बोलला ते. शुक्रवारी वही प्रिन्सिपल मॅडमकडे जायची. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी ती नावं वाचली जायची. कोरी वही गेली तर ती सांभाळणाऱ्यालाच पुढे उभं करायचे.

माझा आठवडा आला. ऋतुजाने मला पहिल्याच दिवशी बजावलं की तिचं नाव लिहिलंस तर उद्यापासून डबा एकटीने खायचा. बाकीच्यांनी तेवढंही बजावलं नाही. नुसतं बघितलं. मैदानावर, नळावर, जिन्यात सगळे मराठीतच बोलत होते, आणि मी वही छातीशी धरून त्यांच्यामधून फिरत होते. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला वही कोरी होती.

सोमवारी साऱ्या शाळेपुढे मलाच उभं राहावं लागणार होतं. मी एकेक नाव मनात घेतलं. ही भांडेल, तो सायकलची हवा सोडेल, ती बोलणं टाकेल. मग मला एक नाव सुचलं. ज्याच्याकडून मला काहीच भीती नव्हती, असं एकच नाव. नियम विद्यार्थ्यांसाठी आहे असं वहीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं, बनसोडे सर. आणि दुसऱ्या रकान्यात, जेवलीस का. नाव इंग्रजीत लिहिलं. पण ते दोन शब्द इंग्रजीत लिहिताना कसेतरीच दिसायला लागले, म्हणून मराठीत लिहिले. लहान, नीट अक्षरात.

मला वाटलं होतं, मॅडम ते वाचून सोडून देतील. हसतील फार तर. मॅडमनी सोडून दिलं नाही. शनिवारी सरांना ऑफिसात बोलावलं. वहीत नावापुढे विद्यार्थी सही करायचे, तशी त्यांनी सही केली. हे शिपायाने आम्हाला सांगितलं. तेव्हा सगळे माझ्याकडे वळले, आणि मी म्हणाले की शेवटच्या तासाला वही टेबलावर पडली होती, कुणीतरी लिहून गेलं असेल. सोमवारी प्रार्थना झाल्यावर मॅडम म्हणाल्या की नियम शिक्षकांनाही आहे, आणि बनसोडे सर आता तुम्हाला तसं सांगतील.

सर पुढे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी माइक नीट केला, नसता केला तरी चाललं असतं. मग म्हणाले, “आय विल नॉट स्पीक.” आणि थांबले. पुढचा शब्द त्यांना सापडला नाही, की त्यांनी तो मुद्दाम सोडला, हे मला आजही ठाऊक नाही. ते तसेच जागेवर गेले. सगळी शाळा हसली. रांगेत मी एकटीच गप्प होते असं लिहायला मला आवडलं असतं. पण शेजारचे माझ्याकडे बघतील म्हणून मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सर फाटकाशी होते. तोंड बंद. त्यांनी बोटं जुळवून तोंडाजवळ नेली आणि भुवया उंचावल्या. मोठ्या मुलांना तो खेळच वाटला. पण बालवाडीतली एक मुलगी आईला बिलगून रडत होती, तिला ती खूण कळेना. ती अजून जोरात रडायला लागली. सर तिच्यापुढे वाकले, पुन्हा खूण केली, पुन्हा केली. शेवटी तिचं दप्तर उचलून मुकाट्याने पुढे चालू लागले. ती मागून म्हणाली, “सर, तुमी बोलत का न्हाय?” सरांनी बोट आपल्या गळ्यावर ठेवलं. घसा बसलाय. मग माझ्याकडे वळून मलाही विचारलं, बोटं जुळवून, रोजच्यासारखं. मी मान हलवली आणि आत पळाले.

आम्ही दहावीतून बाहेर पडेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मराठीच्या तासाला मात्र भरभरून बोलायचे, घंटा झाली तरी थांबायचे नाहीत.

वहीतलं अक्षर कुणाचं, हे त्यांना कळलं असेल का, हा प्रश्न मी टाळत राहिले. तो ‘ज’ त्यांनी दोन पानं काढून मला शिकवला होता. दहावीच्या निकालानंतर पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेले, सांगायचंच असं ठरवून. त्यांच्या बायकोने धपाटे आणि दही पुढे ठेवलं. “लई बारीक झालीस,” म्हणाल्या. सर समोर बसून माझं खाणं बघत होते. ताटली रिकामी झाल्यावर त्यांनी विचारलं, “काही सांगायचं होतं का?” मी नाही म्हणाले. त्यांनी माझी रिकामी ताटली उचलली. मग म्हणाले, “असू दे. बोलणं काय पळून जातंय व्हय.”

पण ते दहा वर्षं पळत राहिलं, म्हणजे मीच पळत राहिले. पुण्यात नोकरी लागली, मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायला लागले. मेळाव्याच्या ग्रुपवर सरांच्या खुणेची चेष्टा आली की मीही हसरा चेहरा पाठवायची.

हॉलमध्ये आता माइक फिरत होता. वर्गातला एकजण उठला आणि त्याने विचारलं, “सर, आज तरी सांगा. तुम्ही फाटकावर बोलायचं बंद का केलंत? वहीत नाव कुणी लिहिलं होतं तुमचं?”

कुणीतरी म्हणालं, “नाव कळू दे, जेवण त्याच्याकडून.” हशा झाला.

सर हसले. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हॉलभर त्यांची नजर फिरली, फक्त दाराच्या बाजूला आली नाही, आणि तेवढ्यावरून मला कळलं की त्यांना माहीत आहे, आणि पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“कसलं नाव न् कसलं काय,” ते म्हणाले. “घसा बसला व्हता माझा. चार वर्षं.”

पुन्हा हशा झाला. माइक पुढच्या रांगेकडे जायला लागला. शेजारी दार उघडं होतं आणि त्याच्यामागे एका माणसाला पुरेल एवढी जागा होती. मी उठले. खुर्ची वाजली म्हणून ऋतुजाने मागे वळून पाहिलं, मग तिच्या रांगेने. सरांनी बोटं जुळवून मला विचारलं, जेवलीस का?

दाराआड न जाता, माइक न घेता, मी म्हणाले, “सरांचा घसा बसला नव्हता. वहीत त्यांचं नाव मी लिहिलं होतं. तुमच्यातलं कुणीही माझ्यावर रागावलं असतं, आणि सर कधीच रागावणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून.”