यादीतून गळलेली बाग

“मन्ही बाग यादीमा नही शे का?” सुमनअक्कांनी ऑफिसच्या दारातूनच विचारलं. बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, गावाची केळी कापून झाली, त्यांचीच बाग राहिली होती. चोपड्याकडून पहिल्या एसटीने त्या जळगावला आल्या होत्या. व्यापाऱ्याच्या पेढीवर त्यांना सांगितलं होतं, कापणीची यादी कम्प्युटर काढतो, तिकडे विचारा.

कम्प्युटर म्हणजे मी. मी भूगोलाची बीए. प्रोग्रामिंग मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले, आणि तोवर मला त्याचा चांगलाच माज होता.

केळी हिरवी असतानाच कापावी लागते. झाडावर पिवळी पडली की ती लांबच्या ट्रकमध्ये कोणी घेत नाही. रोज पहाटे साडेपाचला किती मजूर आले ते कळायचं आणि सहाला टोळ्या निघायच्या. मधल्या अर्ध्या तासात व्यापाऱ्यांसाठी आमचा प्रोग्राम यादी काढायचा: आज कोणती बाग, कोणती टोळी, कोणता ट्रक. एका बागेने ट्रक भरत नाही, म्हणून तो प्रत्येक बाग बाकीच्या सगळ्या बागांशी ताडून शेजारच्या शोधायचा.

शंभर बागा होत्या तोवर हे चुटकीसरशी व्हायचं. हजाराच्या वर गेल्या आणि यादीला पाऊण तास लागायला लागला. मग मी शक्कल लढवली. दहा दिवसांत ज्या बागेची नवी नोंद गावातून आली नाही, ती जुनी समजून बाजूला काढायची. प्रोग्राम पळायला लागला. आमचे बॉस नितीनसर म्हणाले, “कमाल केलीस.” मी फुशारले.

अक्कांच्या गावात बागांची नोंद करणारा माणूस पंधरा दिवस आजारी होता. बाकीचं गाव त्याआधीच यादीत येऊन गेलं होतं. त्यांची बाग माझ्या शकलेने गिळली होती. शोधलं तर इतर गावांतल्या आणखी दहा बागा सापडल्या.

सरांना खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “त्यांची टोळी उद्यासाठी मी फोनवर ठरवतो. पण बाकीच्या सगळ्या बागा परत घे आणि सहाच्या आत यादी दे. कशी, ते मलाही येत नाही.”

जळगावातच, पिंप्राळ्यात, आमच्या मागच्या गल्लीत अलकाताई राहतात. पॉलिटेक्निकमध्ये कम्प्युटर शिकवतात. आपलं अज्ञान उघडं पडेल म्हणून मी त्यांना दोन वर्षं टाळत होते. त्या संध्याकाळी लाज गुंडाळून गेले.

त्यांनी कोड बघितलाच नाही. वही पुढे केली. “दहा बागा एकमेकींशी ताडल्या तर किती वेळा बघावं लागेल?”

“जवळजवळ शंभर.”

“शंभर बागा?”

“जवळजवळ दहा हजार.”

“बागा दहापट, काम शंभरपट. मशीन कितीही चांगलं आण, हे पुरणार नाही. आता सांग, चोपड्याची बाग जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या मुक्ताईनगरच्या बागेशी कशाला ताडतेस?”

तसं कधी कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते एवढंच: आधी शिवाराप्रमाणे बागांचे गठ्ठे कर, मग फक्त त्या गठ्ठ्यात आणि लगतच्या गठ्ठ्यांत शोध. या विषयाला मोठमोठी नावं आहेत, ती मी नंतर त्यांच्याकडेच शिकले. अजून दर रविवारी जाते. फीचं विचारलं तर म्हणतात, चहा तू कर.

दुसऱ्या दिवशी टोळी गेली तशी मीही अक्कांच्या बागेत गेले. बहुतेक माल ट्रकमध्ये चढला. अठरा घड पिवळे निघाले, ते बांधावर राहिले. अक्कांसमोर उभं राहवत नव्हतं. म्हटलं, “अक्का, चूक कम्प्युटरची नाही, माझी आहे.”

त्यांनी पदराने हात पुसले. “कम्प्युटरनी चूक शे, अशे बठ्ठाच सांगतस,” त्या म्हणाल्या. “मन्ही चूक शे म्हननारी तू पहिलीच.” आणि त्यातल्याच एका घडाची दोन केळी माझ्या हातावर ठेवली.

सगळ्या बागा घेऊनही यादी आता काही सेकंदांत निघते. नितीनसरांनी पुन्हा कमाल म्हटलं. या वेळी फुशारण्याआधी मी मोजलं, एकूण बागा किती आणि यादीने बघितल्या किती.