अर्ध्या माणसाचं कोनफळ

मार्सेलिना बाईंचा तराजू म्हणजे बांबूची एक काठी, मधोमध सुतळी आणि दोन टोकांना दोन करवंट्या. पहिलीच्या वर्गात तो दाराच्या चौकटीला टांगलेला असे. मुलं घरी गेली की करवंट्या वाऱ्यावर नुसत्या हलत राहत, आणि बाई त्यांच्याकडे बघत बसत. घरी जायची घाई नव्हती. कासियानो, त्यांचा नवरा, वारला होता. मूलबाळ नव्हतं.

मुलांना त्या एकच शिकवीत, "डोळ्यांनी सांगू नका. हातात घ्या, मग बोला." नारळाचं वाळलेलं सोडण मोठं दिसतं, ओढ्यातला काळा गोटा लहान, पण पारडं खाली जातं ते गोट्याचं. पोनपे बेटावरच्या पोरांना मात्र वजन म्हणजे माणसं. मेजवानीला आलेलं कोनफळ जितक्यांनी काठीवर वाहून आणलं, तितक्या माणसांचं ते. त्यामुळे "किती जड?" असं विचारलं की लुद्विकची मुलगी प्रेसिना गोटा तळहातावर झेलून म्हणे, "एका खेकड्याचा." वर्ग हसे. बाईंच्या दिवसात हसू असं तेवढंच.

एकदा त्यांनी घरून एकेक वस्तू आणायला सांगितली. प्रेसिनाने वडिलांच्या खोपटातून कोनफळ आणलं, शेजारच्या दामियाननेही आणलं. स्वयंपाकातली चिमुकली कोनफळं ती, त्यांना कसला मान नि कसला अपमान, असं बाईंना वाटलं. खरं तर कोनफळ म्हणजे पुरुषाची अब्रू, दुसऱ्याचं दिसलं तरी नजर खाली घालून पुढे जायचं, हे त्या चालायला लागल्या तेव्हापासून जाणत होत्या. पण मुलं पुढे सरकून बसली होती, आणि त्या विसरल्या.

प्रेसिनाचं पारडं वर गेलं.

"लुद्विकचं हलकं," दामियान म्हणाला. "अर्ध्या माणसाचं."

संध्याकाळी सकाऊची नशेची मुळं कुटायच्या दगडाभोवती पीत बसलेल्या पुरुषांपर्यंत ते पोचलं होतं. "काय रे लुद्विक," कुणीतरी विचारलं, "उरलेला अर्धा कुठे ठेवून आलास?" लुद्विकने हातातली करवंटी न पिताच खाली ठेवली आणि तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी प्रेसिना आली नाही. मग तिची चुलत भावंडं यायची थांबली. अर्धा वर्ग त्याच घरचा होता. बाई उरलेल्यांना शिकवीत राहिल्या, पण आवाज भिंतीवर आपटून परत येई.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. सकाऊचं झाड मुळासकट उपटायचं, दुखावलेल्याच्या दारी न्यायचं. त्याने ते कुटून प्यायलं की विषय संपला. फक्त ते न्यायला घरातला पुरुष लागतो. बाईंसाठी ते खांद्यावर घेईल असा एकच माणूस होता, कासियानोचा धाकटा भाऊ. आणि तो होता लुद्विक.

परसात कासियानोने लावलेलं सकाऊचं एकच झाड उरलं होतं. बाईंनी पहारीने ते चिखलातून सोडवलं. अंगठ्याएवढी रोपं लावताना तो म्हणाला होता, "ही मोठी झाली की बघू." त्यांनी झाड खांद्यावर घेतलं. ओढ्यापाशी टेकल्या. पुन्हा उचललं.

लुद्विक ओसरीवर कोयत्याला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"कोणी आणलं?"

"मीच."

"बायका आणत नाहीत, वहिनी."

"ठाऊक आहे."

"मग सांगायचं होतं कुणाला तरी."

"कुणाला सांगू, भावजी? सांगण्यासारखे तुम्हीच."

कोयता थांबला. आतून त्याची बायको म्हणाली, "मग जायचं होतं ना आणायला. आपलीच माफी आपणच वाहून आणायची. तेवढंच पोट उतरलं असतं."

प्रेसिना धावत आली. तिने मुळाला मिठी मारून बघितलं. ते हललं नाही. "बाई, हे किती माणसांचं?"

लुद्विक उठला, जाडं टोक त्याने धरलं आणि जरा उचलून बघितलं.

"दीड माणसाचं," तो म्हणाला. "अर्धा मी. वहिनी, मागून धरा."

दोघांनी ते दगडापर्यंत नेलं. मुळं कुटायला पुरुष जमले. पहिली करवंटी लुद्विक प्यायला, डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी वर्ग भरेल, हे त्या घोटातच ठरलं.

बाई अंधार पडायच्या आत घरी परतल्या. परसात झाडाच्या जागी खड्डा होता आणि त्यात पाणी साचत होतं. माती ओढून तो बुजवावा असं त्यांच्या मनात आलं. पण त्या तशाच उभ्या राहिल्या, एक खांदा खाली झुकवून, अजून त्यावर काही असल्यासारख्या.