दुसऱ्या मजल्यावरची गिटार

श्री. मुकुंद केळसकर यांची आणि माझी ओळख लाईट गेल्यामुळे झाली. यमुनापार, पटपडगंजला आमची सोसायटी नुकतीच राहती झाली होती. चार इमारती, मधे चौकोनी अंगण आणि भोवती बिल्डरची उरलेली रेती. मे महिन्यातली दुपार. लाईट गेली, घरोघरचे कूलर एकदम थांबले आणि मी वीजवाल्यांचा उद्धार करत बाल्कनीत आले. शेजारच्या बाल्कनीत बनियन-पायजम्यातले एक गृहस्थ उभे होते. हाताला निळा रंग, चेहऱ्यावर कमालीचं समाधान. माझ्याकडे न बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"लाईट येईपर्यंत बोलू नका, प्लीज."

मला गप्प राहायला सांगणारी माणसं आयुष्यात थोडीच भेटली आणि त्यांतल्या बहुतेक नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर होत्या. त्यामुळे असेल, पण मी गप्प राहिले. मग मलाही ऐकू आलं. कूलरच्या घरघरीत एरवी बुडून जाणारा आवाज आता अंगणात मोकळा फिरत होता. कोणीतरी गिटार वाजवत होतं. चारही भिंतींवरून सूर परतत होता, त्यामुळे कोणत्या घरातून येतो ते कळेना. लाईट आली, कूलर सुरू झाले आणि गृहस्थ आत निघून गेले.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी निर्मलाताई वाटीभर कैरीची डाळ घेऊन माफी मागायला आल्या. "ते चित्रकार आहेत," त्या म्हणाल्या. "ऑफिसातही आणि घरीही. पण ऑफिसातला चित्रकार वेगळा आणि घरचा वेगळा हं!"

हे अगदी खरं होतं. केळसकर तेव्हा सरकारी प्रसिद्धी खात्यात होते. दिवसभर ते भिंतीपत्रकांसाठी हसरी कुटुंबं काढत. आई हसरी, बाप हसरा, मुलगा-मुलगी हसरी, मागे गव्हाचं शेत. त्यामुळे घरी आल्यावर त्यांना कोणाचंही तोंड काढायची इच्छा उरत नसे. घरच्या चित्रांत फक्त रंगांचे आडवे पट्टे आणि ते ओले असतानाच सुरीने ओढलेल्या सरळ रेषा. मी पहिल्यांदा ती चित्रं पाहिली तेव्हा माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलं, "यात आहे काय?" ते जराही दुखावले नाहीत. "बघत राहा," म्हणाले, "काही दिसलं तर मलाही सांगा." गेली कितीतरी वर्षं मी बघते आहे. काय दिसतं ते सांगता येत नाही, पण माझ्या दिवाणखान्यातलं त्यांचं चित्र दुरुस्तीसाठी भिंतीवरून उतरवलं होतं तेव्हा मला घरात करमेना.

तर, आमची सोसायटी लाईट गेली की शिव्या द्यायची आणि केळसकर कॅनव्हास लावायचे. असे दोन उन्हाळे गेले. गिटार कोण वाजवतं हे या माणसाने कोणाला विचारलं नाही. इतके भिडस्त! मग देशात सुबत्ता यायची होती म्हणे, त्याआधी आमच्याकडे जनरेटर आला. सभेत तो ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे केळसकर गैरहजर होते. आता लाईट गेली की अंगणात त्या यंत्राची धडधड सुरू व्हायची आणि गिटार ऐकू येणं कायमचं बंद झालं. आठवडाभराने केळसकर माझ्या दारात उभे. मी सोसायटीची सचिव होते.

"बाई, या चार इमारतींत गिटार कोण वाजवतं हो?"

"तुम्हाला तक्रार करायचीय?"

"नाही. मला काम करायचंय."

मी शोध घेतला. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सॅम्युअल शिंदे आणि त्यांच्या पत्नी रूथ राहत. शिंदे मूळचे अहमदनगरचे, रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, रविवारी चर्चमध्ये वाजवायचे. मी बेल दाबली. सचिवबाई दारात बघून त्यांचा चेहरा पडला. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "ताई, बंद करतो. दुपारचं नाही वाजवणार. रूथला मी कालच म्हटलं, कोणीतरी येणार बघ."

"बंद केलंत तर याद राखा," मी म्हणाले.

त्या शनिवारपासून शिंदे कापडी खोळीत गिटार घेऊन केळसकरांकडे जाऊ लागले. केळसकर कूलर बंद करत आणि दोघेही घाम पुसत बसत. जिना चढून आलेली गिटार नेहमीच थोडी बेसूर झालेली असे, म्हणून शिंदे आधी तारा लावत. आणि इथेच गंमत झाली. शिंद्यांनी मला ती तक्रारीच्या सुरात सांगितली:

"ताई, मी आख्खं गाणं बसवून जातो. महिनाभर घासलेलं. ते सुरू केलं की केळसकरसाहेब पेंगतात. आणि नुसती तार पिळली की टुणकन उठून बसतात! 'थांबा शिंदे, परत खाली न्या, परत वर आणा.' मी काय वादक आहे का मेकॅनिक?"

केळसकरांना हवा होता तो सुराकडे जाणारा रस्ता. तार खाली आहे, हळूहळू वर येते, थोडी पुढे जाते, मागे येते आणि थांबते. ते थांबणं त्यांना रंगात पकडायचं होतं. ते मला म्हणाले होते, "लागलेला सूर सगळ्यांनाच ऐकू येतो, बाई. लागायच्या आधी तो जिथून जातो ती जागा मला हवी." मला संगीतातलं फारसं कळत नाही. पण त्या शनिवारच्या चित्रांत जिथे सुरीची रेघ येता येता थबकते, तिथे आपणही श्वास धरतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

केळसकरांच्या मनाचा मोठेपणा सांगायला मला एकच प्रसंग पुरे आहे. माझे यजमान बरेच महिने अंथरुणाला खिळून होते आणि मग गेले. त्यानंतर लोक येत, गीतेतलं काहीतरी सांगत, चहा घेऊन जात. केळसकर आले आणि ज्या भिंतीशी यजमानांची कॉट होती तिच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "बाई, कुठला रंग नको, तेवढं सांगा." मी म्हणाले, "हॉस्पिटलसारखा पांढरा नको." दुसऱ्या दिवशी ते बादली आणि ब्रश घेऊन आले आणि ती भिंत त्यांनी स्वतः रंगवली. तो रंग कोणता, हे आजही मला सांगता येत नाही. ओल्या मातीचा म्हणा, चहाचा म्हणा. घरात तेवढी एक भिंत सोडून सगळीकडे नंतर रंग झाला. त्या भिंतीला मी कोणा रंगाऱ्याला हात लावू देत नाही.

आता ज्यासाठी मी या गौरवग्रंथातला हा लेख हट्टाने मागून घेतला, त्या गोष्टीकडे येते.

नव्या आर्थिक धोरणानंतरची ती वर्षं. गुडगावला काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या आतल्या कोऱ्या भिंतींना चित्रं हवी होती. केळसकरांनी त्याच सुमारास धाडस केलं होतं. चित्रांवर विसंबून सरकारी नोकरी सोडली होती. फ्लॅटचे हप्ते चालू होते, मुलीचं कॉलेज व्हायचं होतं. अशा वेळी दक्षिण दिल्लीतल्या एका मोठ्या गॅलरीच्या मालकीणबाई चित्रं बघायला आल्या. निर्मलाताईंनी पडदे धुतले, चांगले कप काढले आणि इंग्रजी बोलायला घरात कोणीतरी असावं म्हणून मला बोलावून बसवलं. माझी गरज पडली नाही. बाई हिंदीच बोलल्या.

चित्रं त्यांना मनापासून आवडली, हे मी प्रामाणिकपणे सांगते. सगळी लावूया म्हणाल्या, मोठं प्रदर्शन करूया. मग विचारलं, "म्यूज़िक से इंस्पायर्ड हैं ना? कौन-सा राग है?"

"राग नहीं है," केळसकर म्हणाले. "गिटार है. सामने के ब्लॉक में शिंदे साहब बजाते हैं."

बाईंचा चेहरा असा झाला की जणू चहात मीठ पडलं. "गिटार... देखिए, बाहर के ख़रीदार को इंडियन चीज़ चाहिए. सितार लिख देते हैं. किसको पता चलेगा?"

निर्मलाताई नवऱ्याकडे बघू लागल्या. मी बाईंकडे बघू लागले. माझं बघणं कसं असतं ते माझ्या ओळखीच्यांना ठाऊक आहे. केळसकर उठले. "मैं ज़रा शिंदे साहब से पूछकर आता हूँ," म्हणाले आणि चपला घालून गेले. परत यायला त्यांना बराच वेळ लागला.

तिकडे काय झालं ते शिंद्यांनी मला नंतर सांगितलं. ऐकून शिंदे हसले होते. "लिहा की सितार! वीणा लिहा. मला काय फरक पडतो? तुमचं काम होऊ दे, साहेब."

"शिंदे, तुम्ही रविवारी चर्चमध्ये वाजवायचं आणि नाव भलत्याचंच घ्यायचं. चालेल तुम्हाला?"

"तिथे नाव कोणाचंच घेत नाहीत, साहेब. देवाचं सोडून."

यावर केळसकरही हसले. घटकाभर तिथेच बसून राहिले आणि मग उठून आले. मालकीणबाईंना त्यांनी हात जोडले. "मैडम, गिटार ही लिखना होगा. सितार मैंने सुनी है, पेंट नहीं की."

बाई "फोन करते हैं" म्हणून गेल्या. त्यांचा फोन आला नाही. निर्मलाताईंनी ते चांगले कप धुऊन परत कपाटात ठेवले. पण त्या म्हणाल्या काय, तर "सितार छापलं असतं, तर उद्या भाजीच्या गाडीवर मी रूथवहिनींना तोंड कसं दाखवलं असतं?"

मी मात्र संतापले होते. शिंद्यांची हरकत नव्हती, तर एवढा अट्टहास कशाला, असं मी केळसकरांना विचारलंच. ते म्हणाले, "शिंद्यांना फरक पडत नाही, चित्राला पडतो. सितारीची तार ओढली की सूर वळतो. माझ्या रेषा वळत नाहीत, बाई. सरळ जातात आणि थांबतात. सितार म्हणून सांगितलं, तर बघणारा बिचारा वळण शोधत बसेल. आणि जे आहे ते त्याला दिसायचंच नाही."

त्या नकाराची किंमत त्यांनी बरीच वर्षं भरली. पोटासाठी ते पुन्हा हसरी कुटुंबं काढू लागले, या वेळी बिल्डरांसाठी. नोएडा, इंदिरापुरम, गुडगाव, जिथे टॉवर उठेल तिथे रस्त्याकडेच्या फलकावर केळसकरांचं कुटुंब हसत उभं असे. ते स्वतःच म्हणायचे, "सरकारच्या कुटुंबाला दोन मुलं होती. बिल्डरच्या कुटुंबाला एक मूल आणि एक कुत्रा." हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणाचा लवलेश नसे. तो सगळा माझ्याकडे होता आणि अजून आहे. शनिवार त्यांनी एकही चुकवला नाही. पुढे त्यांची चित्रं जाणकारांपर्यंत पोहोचली, लहान गॅलऱ्यांत लागली, घराघरांत गेली. सावकाश गेली, पण जिथे गेली तिथे गिटार म्हणूनच गेली.

आणि आता त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी आपल्या समितीचं आवाहनपत्र माझ्या हातात पडलं, तर त्यात काय? 'भारतीय रागसंगीतातून स्फूर्ती घेणारे चित्रकार'! मी बैठकीत हात वर केला. खोटं दिसलं की हात वर करायचा, एवढं सिस्टरनी मला पक्कं शिकवलं आहे. एक सदस्य समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, यार, एवढं काय त्यात? गौरवग्रंथात तेच शोभून दिसतं."

"अच्छा? मग लग्नाच्या पत्रिकेत नवऱ्याचं नावही शोभेल ते छापत जा," मी म्हणाले.

मजकूर बदलला. एवढंच नाही, समारंभाच्या प्रदर्शनात प्रत्येक चित्राशेजारच्या पट्टीवर चित्रकाराच्या नावाखाली 'गिटार: सॅम्युअल शिंदे' असं छापायचं ठरलं. पहिली पट्टी छापून आली ती मी स्वतः शिंद्यांना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पट्टी लांब धरून वाचली, मग रूथवहिनींना दिली. म्हणाले, "सेकंड फ्लोअर पण लिहायचं ना, ताई. लोक शोधत कसे येणार?" आणि लगबगीने चहा ठेवायला आत गेले. चहा रूथवहिनींनी आधीच ठेवलेला होता.

शिंद्यांची बोटं आता आखडतात, आख्खं गाणं वाजवणं होत नाही. मुलाने बंगळूरहून सूर लावायचं छोटं यंत्र पाठवलं होतं. केळसकरांनी ते "बघू" म्हणून मागून घेतलं आणि आपल्या कपाटात ठेवून दिलं, ते परत केलेलं नाही. शिंदे अजूनही कानानेच तारा लावतात. केळसकरांना पहिल्यापासून तेवढंच हवं होतं.

श्री. केळसकरांना मी काय शुभेच्छा देणार? आपल्या दिल्लीची हवा कशी आहे ते आपण सगळे जाणतो. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, पावसाळ्यात फुगतं, थंडीत आकसतं आणि काल लावलेली तार आज उतरलेली असते. शिंद्यांची गिटार अशीच दर शनिवारी बेसूर होत राहो आणि ती सुरात येईपर्यंत, हातात ओली सुरी धरून, उत्तम प्रकृतीने केळसकर समोर बसलेले असोत. जनरेटरच्या पुढच्या ठरावाला मी विरोध करीनच.